पोटातले भाडेकरू

आमच्या घरी आम्ही दोघे भाऊ. एकाच पंगतीत बसून, एकाच आईच्या हातचे जेवलो. वाढताना डावे-उजवे करणारी ती नव्हती. तरीही दादा काठीसारखा राहिला आणि मी शाळेत असल्यापासूनच अंगाने भरत गेलो. त्याच्या ताटात चौथी पोळी पडली तर ती कुठे गेली ते कळत नसे. माझ्या दुसऱ्या पोळीचा मात्र साऱ्या आळीला हिशेब असे. लग्नकार्यात कुणीतरी मामा पाठीवर थाप मारून, दादाच्या वाटणीचेही हाच खातो वाटते, असा विनोद करायचे आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. लठ्ठ मुलाला हसण्यावाचून गत्यंतर नसते.

पुढे सारी नोकरी बँकेत केली. संध्याकाळी जमा आणि नावे जुळल्याशिवाय उठायचे नाही, ही त्या नोकरीची शिस्त. दहा पैशांचा फरक आला तरी रात्री नऊपर्यंत खतावण्या उलथ्यापालथ्या करायच्या. शरीराचा हिशेबही असाच सरळ आहे, असे डॉक्टरांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे सांगत. खाल्ले ते जमा, चाललात ते खर्च, उरले ते कमरेवर. मी कित्येक वर्षे हा हिशेब मांडला. जुळला नाही. या खात्यावर आपल्याखेरीज आणखी कुणीतरी सही करते आहे आणि त्याचे नाव आपल्याला कुणी सांगितलेले नाही, असे राहून राहून वाटायचे.

हा 'आणखी कुणीतरी' कोण, या प्रश्नाने ज्याच्या आयुष्याचा उत्तरार्ध व्यापला तो माणूस मला परळला भेटला. म्हणजे त्याचे नाव भेटले. नोकरीत काही वर्षे मी परळच्या बाजूला होतो. जाता-येता हाफकिन संस्थेचे आवार दिसे. गव्हर्नरसाहेबांच्या जुन्या निवासस्थानात १८९९ साली प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली आणि १९२५ साली तिला वाल्देमार हाफकिनचे नाव मिळाले, एवढे मुंबईकराला साधारण ठाऊक असते. निवृत्तीनंतर प्लेगच्या काळावर कादंबरी लिहावी म्हणून हाफकिनची माहिती काढू लागलो, तर त्याच्या मागे त्याचा गुरू उभा दिसला. इल्या मेचनिकॉव्ह. कादंबरी बाजूला राहिली आणि हा गुरूच मनात ठाण मांडून बसला.

मेचनिकॉव्हचा जन्म मे १८४५ मधला, खारकीव्हजवळच्या एका खेड्यातला. आज तो मुलूख युक्रेनमध्ये आहे. तेव्हा रशियन साम्राज्यात होता. वडील झारच्या खास पलटणीतले अधिकारी, आई मूळच्या ज्यू घराण्यातली. पोर इतके चुळबुळे, की घरच्यांनी त्याचे नाव पारा ठेवले होते. लहानपणीच त्याला झाडापानांवर, किडामुंगीवर व्याख्याने देण्याची हौस. भावंडे ऐकायला बसत नसत, तेव्हा तो खाऊच्या पैशांतून त्यांना बसण्याचे मोल देई! खारकीव्ह विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत उरकला. समुद्रातल्या बारीकसारीक जिवांचे गर्भ कसे वाढतात ते पाहण्यासाठी जर्मनी, इटली पालथी घातली आणि पंचविशीत तो ओडेसा विद्यापीठात प्राणिशास्त्राचा प्राध्यापक झाला.

बुद्धी अशी लखलखीत. मन मात्र काळोखे. १८६९ साली त्याने ल्युदमिला नावाच्या मुलीशी लग्न केले. तिला क्षयाने इतके ग्रासले होते, की नवरीला खुर्चीत बसवून चर्चमध्ये उचलून न्यावे लागले. चार वर्षे तो तिला घेऊन उबदार हवेच्या शोधात गावोगाव हिंडला. व्याख्याने, भाषांतरे, जे मिळेल ते काम करून औषधांचा खर्च भागवला. १८७३ साली मदिरा बेटावर ती गेली. परतीच्या वाटेवर मेचनिकॉव्हने मॉर्फीन घेतले. मात्रा इतकी मोठी होती की पोटाने ती उलटून टाकली आणि तो वाचला. तरीही मरण्याचा विचार सुटला नव्हता. तशाच मनःस्थितीत जिनीव्हातल्या एका पुलावर उभा असताना त्याला कंदिलाभोवती घिरट्या घालणारे, काही तासांचे आयुष्य असलेले कीटक दिसले. एवढ्याशा आयुष्यात यांच्यावर निसर्गाच्या निवडीचा नियम कसा चालत असेल, असा प्रश्न त्याला पडला. प्रश्न पडला आणि मरण मागे राहिले. माणसाला जगवायला कधीकधी एक चांगला प्रश्न पुरतो, तो असा.

१८७५ साली त्याने ओल्गा नावाच्या, त्याच्याहून बरीच लहान असलेल्या मुलीशी दुसरे लग्न केले. १८८० साली तिला विषमज्वर झाला. पुन्हा तेच रात्रीचे जागरण, तीच घालमेल. ओल्गा वाचली, पण विद्यापीठातली राजकीय धुमश्चक्री, ढासळलेली प्रकृती आणि जुने नैराश्य यांनी मेचनिकॉव्ह खचला. १८८१ मध्ये त्याने उलटून उलटून येणाऱ्या एका तापाच्या रोग्याचे रक्त स्वतःला टोचून घेतले. हा आजार रक्तातून लागतो का ते पाहायचे, हे सांगायचे कारण. मनात दुसरेच होते. तो मरणाच्या दारात जाऊन परत आला. आणि गंमत अशी, की त्या आजारातून उठलेला माणूस निराळाच होता. त्याला जगण्याची भूक लागली. दोनदा आयुष्य भिरकावून देऊ पाहणारा हा गृहस्थ पुढे जन्मभर आयुष्य लांबवण्याच्या मागे लागला.

झारच्या खुनानंतर रशियातल्या विद्यापीठांचे वातावरण बिघडले. १८८२ साली राजीनामा देऊन तो ओल्गाला आणि तिच्या धाकट्या भावंडांना घेऊन सिसिली बेटावरच्या मेसिना गावी गेला. डिसेंबरातल्या एका दिवशी घरची सगळी मंडळी सर्कशीतली माकडे बघायला गेली होती. हा घरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला. समोर तारामाशाचे काचेसारखे आरपार पिल्लू, त्याच्या अंगात इकडेतिकडे सरकणाऱ्या पेशी. एकदम त्याच्या मनात आले, की या पेशी शरीराच्या शिपाई तर नसतील? बाहेरून काही घुसले तर त्या धावून जात असतील का? बागेतून गुलाबाचे काटे आणून त्याने त्या पिल्लांच्या कातडीखाली टोचले. रात्रभर झोप नाही. पहाटे पाहतो तो काट्याभोवती पेशींनी गराडा घातलेला! आपल्या बोटात कूस गेले की तिथे पू का धरतो, याचे उत्तर त्या पहाटे मिळाले. या भक्षक पेशींच्या शोधासाठी त्याला पॉल एर्लिखबरोबर १९०८ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आज आपण प्रतिकारशक्ती हा शब्द येता-जाता वापरतो, त्याची एक मुळी मेसिनाच्या त्या दिवाणखान्यात आहे.

मधल्या काळात तो ओडेसाला परतला होता. तिथल्या नव्या जंतुशास्त्र संस्थेचा प्रमुख झाला. पण वैद्यकीची पदवी नसलेल्या या प्राणिशास्त्रज्ञाला स्थानिक डॉक्टरांनी स्वस्थ बसू दिले नाही. त्यात काळपुळीची लस टोचलेल्या हजारो मेंढ्या दगावल्या. १८८८ साली तो पॅरिसला गेला. तिथे वृद्ध पास्तरने आपल्या नव्या संस्थेत त्याला प्रयोगशाळा दिली. उरलेली अठ्ठावीस वर्षे त्याने तिथेच काढली. ओडेसाचा त्याचा विद्यार्थी हाफकिन, ज्याला झारच्या पोलिसांनी पकडले होते, तोही दुसऱ्या वर्षी तिथे आला. जागा होती फक्त ग्रंथालयात; ती पत्करून त्याने उरलेल्या वेळात पटकीची लस तयार केली. १८९३ साली तो हिंदुस्थानात आला आणि जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत त्याने आपली प्लेगची लस सर्वांआधी स्वतःलाच टोचून घेतली. आधी स्वतःच्या अंगावर प्रयोग करायचा, ही त्या घराण्याची रीतच म्हणायची.

गुरूने काय केले होते? १८९२ साली फ्रान्समध्ये पटकीची साथ होती. एकाच पाण्यावरची काही माणसे मरतात आणि काहींना साधी मळमळही होत नाही, हे कोडे मेचनिकॉव्हला अस्वस्थ करीत होते. तो चक्क पटकीचे जंतू प्याला. काही झाले नाही. मग सहकाऱ्यांपैकी काहींनी घेतले. त्यातल्या एकाला खरीखुरी पटकी झाली आणि तो थोडक्यात बचावला. आजच्या नियमांत हा प्रयोग बसणार नाही आणि बसूही नये. पण त्यातून एक गोष्ट निघाली. काचेच्या थाळीत त्याने पटकीच्या जंतूंशेजारी माणसाच्या पोटातले निरनिराळे जंतू वाढवून पाहिले. काही जंतूंच्या शेजारी पटकी फोफावे, काहींच्या शेजारी ती मान टाकी. याचा अर्थ, तुझे-माझे पोट म्हणजे रिकामी पिशवी नव्हे. तिथे आधीपासून वस्ती आहे आणि बाहेरून आलेल्याचे काय व्हायचे ते ती वस्ती ठरवते.

माझा अनाम सहीवाला इथे पहिल्यांदा दिसला.

मेचनिकॉव्ह आता पन्नाशीत आला होता. मृत्यू त्याच्या घराला अपरिचित नव्हता. त्याचा थोरला भाऊ इव्हान तुला शहरात सरकारी वकील होता, तो पंचेचाळिशीतच वारला. त्याच्या मरणाची हकिकत टॉलस्टॉयच्या कानावर गेली आणि तिच्यातून 'इव्हान इलिचचा मृत्यू' ही जगप्रसिद्ध दीर्घकथा १८८६ साली जन्मली. टॉलस्टॉयने त्या मरणातून आत्म्याचा प्रश्न काढला; धाकट्या भावाने शरीराचा काढला. माणूस म्हातारा होतो तो का? १९०३ साली लिहिलेल्या पुस्तकात त्याने वार्धक्याच्या अभ्यासासाठी वेगळ्या शास्त्राचे नावच सुचवले, जे आज जगभर चालते. आणि म्हातारपणाचा गुन्हेगार म्हणून त्याने बोट ठेवले मोठ्या आतड्यावर.

त्याचा तर्क ऐकण्यासारखा आहे. शिकाऱ्यापासून पळणाऱ्या किंवा शिकारीमागे धावणाऱ्या जनावराला वाटेत थांबून पोट मोकळे करणे परवडत नाही, म्हणून सस्तन प्राण्यांना मल साठवण्याची ही लांबलचक कोठी मिळाली. तिथे अन्नाचा उरलासुरला भाग पडून राहतो, जंतू त्यावर तुटून पडतात, प्रथिने कुजतात आणि फिनॉल, इंडोल, पॅराक्रेसॉल अशी रसायने तयार होतात. ती रक्तात झिरपतात आणि रोज थोडे थोडे विष शरीराला मिळत राहते. पाखरांचे मोठे आतडे आखूड. म्हणून पोपटासारखा पक्षी आपल्या आकारमानाच्या मानाने कितीतरी वर्षे जगतो. जंतू पोटात काय करतात हा प्रश्न इतरांनीही विचारला होता. ते तिथे काय बनवतात आणि ते बनवलेले पुढे जाते कुठे, हा प्रश्न मेचनिकॉव्हने लावून धरला. आजच्या संशोधनाचा गाभा तोच आहे.

रोग कळला, आता औषध. ते आपल्या आज्यांना ठाऊक होतेच. दूध उघडे ठेवले तर नासते, विरजले तर टिकते. कारण विरजणातले जंतू आम्ल बनवतात आणि आम्लात कुजवणाऱ्या जंतूंचे चालत नाही. मग पोटालाच विरजण लावले तर? बल्गेरियातले शेतकरी आंबट दह्यावर राहतात आणि त्यांच्यात खूप म्हातारी माणसे आढळतात, हे त्याने ऐकले होते. १९०४ साली पॅरिसच्या एका व्याख्यानात त्याने हे सांगितले आणि एकच गहजब झाला. स्तामेन ग्रिगोरोव्ह नावाच्या बल्गेरियन वैद्यकीय विद्यार्थ्याने दुसऱ्याच वर्षी त्या दह्यातला जंतू शोधून काढला. पॅरिस-लंडनच्या औषधांच्या दुकानांत दह्याचे पेले आणि विरजणाच्या गोळ्या विकल्या जाऊ लागल्या. मेचनिकॉव्हचे नाव जाहिरातींत झळकू लागले. तो स्वतः एवढेच म्हणत होता, की असे असू शकेल, तपासून पाहिले पाहिजे. पण जाहिरातीला 'असू शकेल' परवडत नाही. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली आयझॅक करासोने बार्सिलोनात दह्याचा कारखाना काढला, तेव्हा त्याचे दही सुरुवातीला औषधांच्या दुकानांतूनच विकले जाई. जपानमधल्या मिनोरू शिरोताचे जंतूयुक्त पेय १९३५ साली बाजारात आले. आज दुकानातल्या शीतपेटीत इवल्याशा बाटल्या ओळीने उभ्या असतात, त्या सगळ्या या व्याख्यानाच्या पणत्या-खापरपणत्या.

या कल्पनेला एक भयंकर फाटाही फुटला. मोठे आतडे म्हणजे विषाची खाण, असे एकदा ठरल्यावर लंडनच्या आर्बथनॉट लेन या नामवंत शल्यविशारदाने बद्धकोष्ठाच्या रोग्यांची मोठी आतडीच काढून टाकायला सुरुवात केली. काहींना बरे वाटले, काही दगावले. एखाद्या शहाण्या माणसाचे अर्धे खरे हे दुसऱ्याच्या हाती गेले की सुरीसारखे कापते.

मेचनिकॉव्ह मात्र स्वतःच्या सिद्धान्ताला प्रश्न विचारीत राहिला आणि मला त्याच्याबद्दल सर्वांत आदर वाटतो तो इथे. पॅराक्रेसॉल आणि इंडोल प्राण्यांना दीर्घकाळ देऊन रक्तवाहिन्या कडक होतात का, ते त्याने तपासले. मग एक व्यावहारिक अडचण त्याच्या ध्यानात आली. विरजणातल्या जंतूंना साखर लागते. पण आपण खाल्लेली साखर तर लहान आतड्यातच शोषली जाते. मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतेच कुठे? म्हणजे पाहुणा पाठवला, पण शिधा वाटेतच संपला. तेव्हा त्याने आणि वोलमन या सहकाऱ्याने खाली, मोठ्या आतड्यातच पिठूळ पदार्थांपासून साखर बनवणारा जंतू शोधला. तो त्यांना कुत्र्याच्या आतड्यात सापडला. त्या जंतूबरोबर बटाटे खाऊन पाहण्याचे प्रयोगही झाले. नुसते चांगले जंतू गिळून भागत नाही, त्यांना तिथे खायला मिळाले पाहिजे, हे त्याला उमगू लागले होते. जाहिरातींच्या गोंगाटात तिकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

त्याचे स्वतःचे काय झाले? त्रेपन्नाव्या वर्षापासून त्याने कच्चे अन्न बंद केले. रोज आंबट दही खाल्ले. दारू नाही. शंभरीच्या पुढे जाण्याचे शास्त्र सांगणारा हा माणूस स्वतः किती जगतो, याकडे साऱ्या युरोपचे डोळे लागलेले. १९१४ साली युद्ध पेटले. प्रयोगशाळा ओस पडली. आयुष्य लांबवण्याचा ध्यास घेतलेल्या माणसाला धडधाकट तरुण हजारांनी मरताना पाहावे लागले. त्याचे हृदय थकले. पास्तर ज्या घरात राहत असे त्याच घरात, संस्थेच्या आवारात, १५ जुलै १९१६ रोजी तो वारला. वय एकाहत्तर. लोकांनी काय बोलायचे ते बोलून घेतले असेल. तो मात्र शेवटपर्यंत आपल्याच आजाराची टिपणे ठेवीत होता. आपण उशिरा सुरुवात केली, असे त्याचे स्पष्टीकरण होते. शेवटच्या दिवशी त्याने डॉक्टर मित्राला बजावले, की माझे शवविच्छेदन कर आणि आतडी नीट बघ. दोनदा मरण मागितलेला माणूस, ते आले तेव्हा त्याला प्रश्न विचारीत गेला. त्याचा रक्षाकलश पास्तर संस्थेच्या ग्रंथालयात आहे. हाफकिन जिथे नोकरीला लागला ते हेच ग्रंथालय.

१९२०च्या सुमारास अमेरिकेत येल विद्यापीठातल्या लिओ रेटगरने दाखवून दिले, की बल्गेरियन दह्याचा तो जंतू माणसाच्या आतड्यात घर करून राहतच नाही. येतो तसा जातो. मेचनिकॉव्ह इतिहासजमा झाला. मग त्याचे नाव आज पुन्हा का निघते?

कारण माझा न जुळणारा हिशेब. आपल्या अंगावर आणि मुख्यतः मोठ्या आतड्यात मिळून सुमारे ३८ लाख कोटी जंतू राहतात. सगळ्यांचे वजन जेमतेम पावशेर. २००४ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे जेफ्री गॉर्डन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जन्मापासून एकही जंतू न शिवलेले उंदीर घेतले आणि साध्या उंदरांच्या आतड्यातले जंतू त्यांच्यात सोडले. चौदा दिवसांत त्यांच्या अंगावरची चरबी ६० टक्क्यांनी वाढली आणि तीही पूर्वीपेक्षा कमी खाऊन! २००६ साली त्याच प्रयोगशाळेने दाखवले, की लठ्ठ उंदरांचे जंतू अन्नातून जास्त ऊर्जा पिळून काढतात आणि ते दुसऱ्या उंदरात घातले तर तोही जास्त चरबी धरतो. हे वाचले त्या दिवशी मी दादाला दूरध्वनी केला. एवढ्या वर्षांनी का होईना, त्या मामांना द्यायला उत्तर मिळाले होते. मामा तोवर गेले होते.

हे जंतू करतात काय? आपल्याला न पचलेला कोंडा, साली, डाळींतले तंतू खाली उतरतात, तेव्हा जंतू ते आंबवतात. त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोटी मेदाम्ले निघतात. त्यांतून आपल्या रोजच्या ऊर्जेचा शेकडा पाच ते दहा इतका वाटा मिळतो. म्हणजे भाडेकरू भाडे भरतात. ब्युटिरेट हे तर मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य अन्न. शिवाय ही मेदाम्ले आतड्याच्या खास पेशींना चेतवतात आणि पोट भरले असा निरोप मेंदूला देणारी संप्रेरके सुटतात. सध्या वजन उतरवणाऱ्या ज्या इंजेक्शनांचा बोलबाला आहे, ती यांपैकीच एका संप्रेरकाची नक्कल आहे. फक्त औषधाचा जोर कितीतरी जास्त. २०१५ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी प्रोपिओनेट मोठ्या आतड्यात नेऊन सोडणारी पूड ६० स्थूल माणसांवर तपासली. २४ आठवडे रोज १० ग्रॅम पूड घेणाऱ्यांचे वजन इतरांच्या तुलनेत कमी वाढले. उतरले असे नव्हे, कमी वाढले.

मेचनिकॉव्हला मोठ्या आतड्यात फक्त विष दिसले. तिथे शिधाही शिजतो हे त्याला पूर्ण दिसले नाही. पण विषाबद्दलही तो सगळा चुकला नव्हता. पॅराक्रेसॉलपासून शरीरात बनणारा पदार्थ मूत्रपिंडाच्या रोग्यांच्या रक्तात साचतो आणि त्रास देतो, हे आज मान्य आहे. उलट इंडोलपासून बनणारे काही पदार्थ आतड्याचे अस्तर मजबूत करतात. एकच रसायन इथे मित्र, तिथे शत्रू. अ‍ॅसिटेटचेच पाहा. त्याच्यामुळे भूक भागते असे एकीकडे दिसते, तर २०१६ साली येलच्या संशोधकांना उंदरांत दिसले ते उलटेच. चरबीयुक्त आहारावर जास्त तयार झालेले अ‍ॅसिटेट मेंदूमार्फत भूक आणि इन्शुलिन वाढवते. तेव्हा अमुक रसायन चांगले, तमुक वाईट, असा ठराव घाईने करू नये. मेचनिकॉव्हची घाई आपल्याला पुरेशी शिकवण आहे.

मग सडपातळ माणसाचे जंतू लठ्ठ माणसाला दिले तर? अ‍ॅमस्टरडॅमला २०१२ साली हा प्रयोग झाला. सहा आठवड्यांनी इन्शुलिनचे काम सुधारले. वजन हलले नाही. नंतरच्या प्रयोगांतही माणसांचे वजन असे फारसे उतरलेले नाही. माणूस म्हणजे पिंजऱ्यातला उंदीर नव्हे. त्याला वंशातून आलेला बांधा आहे, झोप आहे, काळजी आहे, सणवार आहेत.

माझ्या मते सगळ्यांत बोलका प्रयोग २०१३ सालचा. गॉर्डनच्याच प्रयोगशाळेत जुळ्या बहिणींच्या चार जोड्यांतले जंतू घेतले. प्रत्येक जोडीतली एक बहीण लठ्ठ, एक सडपातळ. लठ्ठ बहिणीचे जंतू मिळालेले निर्जंतुक उंदीर चरबी धरू लागले, सडपातळ बहिणीचे मिळालेले तसेच राहिले. मग दोन्ही उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे जंतूंची देवाणघेवाण आपोआप झाली. सडपातळ उंदराचे जंतू लठ्ठ उंदराच्या पोटात वस्तीला गेले आणि त्याचे चरबी धरणे थांबले. पण केव्हा? कमी चरबीचे आणि भरपूर भाजीपाल्याचे अन्न दिले तेव्हाच. चरबीचे आणि कोंडा नसलेले अन्न दिले, तर चांगले जंतू दारातूनच परत गेले. बटाट्यांच्या प्रयोगात मेचनिकॉव्ह ज्या अडचणीशी झुंजत होता ती हीच. भाडेकरू कोण येणार हे जाहिरात ठरवत नाही. घरात शिजते काय, यावर ते ठरते.

या माणसाचे चरित्र वाचून दोन गोष्टी माझ्यापुरत्या पक्क्या झाल्या. एक, एकाच पंगतीतल्या दोन मुलांपैकी एक भरलेले असले, तर त्याला खादाड म्हणून हसू नये. त्याच्या खात्यावर सह्या करणारे आणखी कितीतरी असतात. दुसरी, त्या सह्यांची सबब सांगून आपण हात झटकूही नये. महागड्या बाटलीतले जंतू विकत घेण्याआधी ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, कांदा, लसूण, पालेभाजी यांची आठवण करावी. शिजवून निवलेल्या भातात आणि बटाट्यात पचायला जड असा पिठूळ अंश वाढतो आणि तो खाली जंतूंपर्यंत पोहोचतो, हेही आता माहीत झाले आहे. सकाळी फोडणीचा भात खाताना मला पॅरिसमध्ये बटाटे घेऊन बसलेला तो दाढीवाला म्हातारा आठवतो.

माझे वजन? गेल्या दोन वर्षांत थोडे उतरले, फार नाही. दादा अजून काठीच आहे आणि चौथी पोळी घेतो. पण मी आता त्याच्या ताटाकडे बघत नाही. रात्री जेवण झाल्यावर सौ. दुधाला विरजण लावते. भांड्यावर झाकण पडते आणि आत, न दिसणारी मंडळी कामाला लागतात. त्या वेळी वाटते, की आपणही असेच एक भांडे आहोत; आणि त्यात दूध कसले घालायचे, एवढे तरी आपल्या हातात आहे.